थाप कुठे संपते

द्रुत तीनतालात रेला चालला आहे. सेकंदाला चार मात्रा, आणि एकेका मात्रेत तबलजी चार-चार अक्षरं भरतो आहे. म्हणजे सेकंदाला १६ आघात, आणि एका आघाताच्या वाट्याला जेमतेम ६२ मिलिसेकंद. तेवढ्यात बोट पडायचं, अक्षर उमटायचं आणि पुढच्याला जागा करून देऊन बाजूला व्हायचं. दहा-पंधरा माणसांच्या बैठकीत, माइकशिवाय, चार हातांवर बसून ऐकलं तर यातलं प्रत्येक अक्षर सुटं कळतं. घरी स्पीकरवर तसाच रेला लावला की बहुतेक वेळा रांग मोडते. बोटांची टकटक ऐकू येते, पण एका अक्षराचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढतो, आणि दोन-तीन आवर्तनांत रेल्याचा गलका होतो.

चपळ, जिवंत आवाजाचा स्पीकर हवा, असं म्हणणारे रसिक पुष्कळ भेटतात. मीही त्यांच्यातलाच. पण ही चपळाई नेमकी कुठे शोधायची, यावर माझं एक पक्कं मत आहे: स्पीकरची चपळाई त्याच्या थांबण्यात असते. सुरुवात सगळेच करतात.

सुरुवात तुलनेने सोपी का, ते पाहा. बोट चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, आपटतं त्या क्षणाची धार काही हजार हर्ट्झच्या पट्टीत असते आणि ती ट्वीटर वाजवतो. ट्वीटरचा डोम इंचभर रुंद, वजनाला जवळजवळ काहीच नाही. साध्या स्पीकरमध्येही तो वेळेवर हलतो. वरच्या पट्टीला थोडा उठाव दिला की आवाज खणखणीत वाटतो, आणि दुकानात पहिल्या पाच मिनिटांत माणूस त्यावर भाळतो. पण वूफरच्या कोनला वजन असतं. त्याच्या मागे पेटीत कोंडलेली हवा असते. पेटीच्या लाकडाला स्वतःचा नाद असतो, आणि पेटीला पोर्ट असेल तर त्या नळीतल्या हवेलाही एक ठरलेला सूर असतो. अॅम्प्लिफायरकडून येणारा प्रवाह थांबला तरी ही सगळी मंडळी आपापल्या चालीने थोडा वेळ हलत राहतात. समजा, यातल्या एखाद्याचा सूर ५६ हर्ट्झचा आहे. त्याच्या चार लाटा पुऱ्या व्हायला ७१ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात रेल्यातलं पुढचं अक्षर येऊन पडलेलं असतं.

हलका कोन म्हणजे चपळ वूफर, असं सर्रास सांगितलं जातं. त्यात अर्धंच तथ्य आहे. कोन हलका असला की तेवढ्याच विजेत आवाज मोठा मिळतो, आणि त्याचं महत्त्व मी पुढे सांगणार आहे. पण आपल्या पट्टीतले खालचे सूर जड कोनही वेळेवर उचलतो. रेंगाळणं होतं ते सोडताना, आणि त्यात पेटी, पोर्ट आणि खोली यांचा वाटा कोनच्या वजनापेक्षा फार मोठा असतो.

परीक्षेला मी तबला घेतो. त्याचं कारण सी. व्ही. रामन यांनी १९२० साली आपल्या सहकाऱ्यासह लिहिलेल्या एका छोट्या टिपणात आहे. बहुतेक चर्मवाद्यांचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यांचा नुसता धप्प आवाज होतो. आपल्या वाद्यांच्या पुडीवरच्या शाईमुळे मात्र उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात. म्हणून तबला सुरात लागतो. याचा अर्थ, तबल्याच्या एका 'ना'मध्ये दोन गोष्टी एकत्र असतात. एक ठोका, जो क्षणात विरायला हवा. आणि एक स्वर, जो मागे राहायला हवा. तबला काळी एकला लावलेला असेल तर सुमारे २७७ हर्ट्झचा. ठोका लांबवणारा स्पीकर सुस्त. स्वरही तोडून टाकणारा स्पीकर कोरडा. चांगला स्पीकर मुद्रणात जेवढी आस आहे तेवढी देतो आणि पदरची घालत नाही.

चार अक्षरं ऐकावीत. चाटेवरचा 'ना': धारदार, आणि मागे लांब स्वर. लवेवरचा 'तिं': धार बोथट, स्वर गोल. शाईवरचा 'तिट': कोरडा, जवळजवळ बिनस्वराचा. आणि डग्ग्यावर पंजा सपाट टेकवून काढलेला 'कत्': बंद, मुका. ही चारही अक्षरं रंगाने वेगळी आहेत तशी लांबीनेही वेगळी आहेत. वरच्या पट्टीला फोडणी दिलेला स्पीकर इथे उघडा पडतो, कारण तो चारहींच्या कपाळी एकच 'टक्' ठेवतो. दिल्लीचा दोन बोटांचा, चाटेवर खेळणारा बाज आणि पूरबचा खुल्या हाताचा बाज यांतला फरक त्याच्यावर पुसट होतो. खालच्या पट्टीत रेंगाळणारा स्पीकर मात्र 'कत्'वर सापडतो. त्या अक्षरानंतर काहीही ऐकू यायला नको. ऐकू येत असेल, आणि प्रत्येक 'कत्' त्याच एका सुरात विरत असेल, तर तो सूर डग्ग्याचा नसून पेटीचा आहे. दुकानात फक्त एकच गोष्ट ऐकायला वेळ असेल, तर मी हीच ऐकेन.

उस्ताद अहमदजान थिरकवा यांचं एकल वादन याच कामासाठी मला फार मोलाचं वाटतं. थिरकवा कितीतरी वर्षं गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना साथ करत होते, त्यामुळे महाराष्ट्राच्या कानाला त्यांच्या हाताची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यांची जुनी मुद्रणं तांत्रिकदृष्ट्या गरीब आहेत. वरची पट्टी तोकडी, खरखर भरपूर. तरीही चांगल्या स्पीकरवर तो हात खोलीत येतो. बोटाचा दाब, कायद्याच्या पलट्यात एखादं अक्षर जरासं मागे ठेवणं, समेवर येताना आवाज न वाढवता वाढलेलं वजन, सगळं दिसल्यासारखं ऐकू येतं. जिवंतपणा वरच्या पट्टीच्या चकाकीत असता, तर ही मुद्रणं मेलेली वाटली असती.

आता तीन स्पीकरांकडे येतो. तिघेही चपळ, पण तिघांची चपळाई तीन जातींची.

पहिला यामाहाचा एनएस-१०, पांढऱ्या कोनचा. १९७८ साली तो घरगुती संगीतासाठीच बाजारात आला, आणि घरांनी त्याला फारसं जवळ केलं नाही. जवळ केलं ते स्टुडिओंनी. काही वर्षांत जगभरच्या मिक्सिंगच्या टेबलांवर ती पांढरी जोडी आडवी पडलेली दिसू लागली. पुष्कळ ध्वनिमुद्रक तिच्या ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवत, इतका तिचा आवाज बोचे. मध्य पट्टीच्या वरच्या भागात तिला ठळक उंचवटा आहे आणि खालचे सूर लवकर संपतात. कागदावरचा आलेख पाहिला तर कुणी घेऊ नये. तरी ती वीसेक वर्षं टिकली, याचं उत्तर २००१ साली फिलिप न्यूएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं. त्यांनी स्टुडिओतल्या अनेक स्पीकरांची मोजमापं शेजारी ठेवली, आणि एनएस-१० वेगळा निघाला तो थांबण्यात. बंद पेटी, पोर्ट नाही, आणि खालच्या पट्टीतला आवाज बहुतेकांपेक्षा लवकर विरतो. त्याच साली यामाहाने तो बनवणं थांबवलं. कोनसाठी लागणारा लगदा मिळेनासा झाला होता.

त्या पेटीतून तबला ऐकणं हा अनुभव घ्यावाच. 'कत्' पडतो आणि संपतो. घसीट घेतलेला डग्गा खाली उतरताना प्रत्येक पायरी मोजता येते. पण त्यावर तानपुरा ऐकावा, तर जवारीची ती फिरती, मऊ झळाळी तारेसारखी ताठ होते, आणि गायिकेचा तार षड्ज कपाळात जातो. काम करणाऱ्या कानांसाठी तो उत्तम आहे. संध्याकाळी दोन तास ख्याल ऐकणाऱ्याने मात्र त्याच्यापासून थांबणं शिकावं आणि घरी दुसरं काही न्यावं.

दुसरा इंग्लंडचा क्वॉड. हंटिंगडनच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली विक्रीला आणलेला पहिला इलेक्ट्रोस्टॅटिक क्वॉड म्हणजे स्पीकरच्या इतिहासातली एक अत्यंत देखणी कल्पना. देखणी म्हणतो ती कल्पनेसाठी. दिसायला तो थंड देशांतल्या खोलीत भिंतीशी लावलेल्या लोखंडी शेगडीसारखा आहे. त्यात पेटीच नाही. कोन नाही, लोहचुंबक नाही. काही हजार व्होल्टचा भार दिलेला, केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पाट्यांच्या मध्ये ताणलेला असतो, आणि त्या पाट्यांवरचा संगीताचा विद्युतदाब त्याला सगळ्या अंगाने एकाच वेळी ढकलतो. पडदा इतका हलका, की त्याला थोपवायला समोरची हवाच पुरते. रेंगाळायला पेटी नाही, पोर्ट नाही, आणि पडद्याची स्वतःची तर इच्छाच नाही.

कुमार गंधर्व ऐकावेत ते या स्पीकरवर. कुमारांचं गाणं लांब श्वासाचं नव्हतं. क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर त्यांनी जी गायकी घडवली ती झेपावणाऱ्या, तुटणाऱ्या, मध्येच गप्प होणाऱ्या छोट्या वाक्यांची. स्वर एकदम उसळतो, त्याच टोकावर सोडून दिला जातो, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तानपुरे भरून येतात. त्यांनी तानपुरे लावण्यावर किती जीव टाकला होता हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. सुस्त स्पीकरवर तो सोडलेला स्वर आणि तानपुरे एकमेकांत चिकटतात, आणि कुमारांची गप्प बसण्याची सगळी कला वाया जाते. एनएस-१०वर ती जागा स्वच्छ होते, पण तानपुरे रोड होतात. क्वॉडवर स्वर जिथे सुटला तिथेच सुटतो, आणि त्याच्या मागे चार तारांचं आवर्तन आधीपासून चालूच होतं हे कळतं. थांबणं आणि आस, दोन्ही एकाच वेळी बरोबर. त्या बाबतीत याच्यापुढे जाणारा स्पीकर माझ्या ऐकण्यात नाही.

त्याच्या मर्यादा मात्र मोठ्या आहेत. तो मोठ्याने वाजत नाही. जोर केला तर पडद्यावर ठिणगी उडण्याची भीती. बरोबर मध्यभागी बसलेल्या एकाच माणसाला तो पूर्ण ऐकू येतो. आणि उच्च व्होल्टच्या त्या पडद्याला धूळ आणि दमट हवा सोसत नाही, तेव्हा मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याला सांभाळणं म्हणजे रोजचं व्रत. त्यात ताकदीची थाप नाही. पखवाज त्यातून सुंदर येतो, पण लांबून.

ती थाप हवी असेल तर अमेरिकेत, आर्कान्सामधल्या होप या गावी जावं लागतं. पॉल क्लिप्श यांनी १९४६ साली तिथे खोलीच्या कोपऱ्यात बसणारा क्लिप्शहॉर्न बनवायला घेतला, आणि तो आजही बनतो. हॉर्न काय करतो? छोट्या पडद्याचा आवाज हळूहळू रुंदावणाऱ्या मार्गाने बाहेर काढतो, त्यामुळे पडद्याची हवेवरची पकड वाढते. त्याला फार थोडं हलावं लागतं. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर साधा छोटा स्पीकर ८५ डेसिबल देत असेल, तर क्लिप्शहॉर्न १०५च्या आसपास देतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट शक्ती. तिकडे शंभर वॉट लागतात ते काम इथे एका वॉटमध्ये होतं.

हा आकडा नुसता मोठ्या आवाजापुरता नाही, आणि इथेच बरेच जण चुकतात. शंभर वॉट खाणाऱ्या वूफरची व्हॉइस कॉइल तापते. तांब्याचा विरोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली तर ४० टक्के. मग जिथे थाप सगळ्यात मोठी व्हायला हवी तिथेच प्रवाह कमी पडतो, आणि समेचं शिखर चेपलं जातं. लहान आणि मोठ्या आघातांमधलं अंतर कमी झालं की कान त्यालाही सुस्ती म्हणतो, मग थांबणं कितीही स्वच्छ असो. क्लिप्श यांचा आयुष्यभर आग्रह होता की पडदा जितका कमी हलेल तितकी विकृती कमी. त्यांच्या स्पीकरवर सुलोचना चव्हाणांची लावणी लावावी. ढोलकीचा तोडा गाण्याच्या मध्ये घुसतो तेव्हा अंग आपोआप सरळ होतं. थापेमागचा अख्खा हात ऐकू येतो. क्वॉडवर हीच ढोलकी मी अनेकदा ऐकली आहे. तिथे तिची नक्षी कळते, इथे तिचा दम कळतो.

बीबीसीच्या एलएस ३/५ए या छोट्या पेटीचं नाव इथे कुणी काढेल म्हणून सांगतो. प्रक्षेपणाच्या गाडीत मावावी म्हणून १९७०च्या दशकात केलेली ही पेटी मानवी आवाजासाठी असाधारण आहे, आणि किशोरीताईंच्या आलापासाठी मी ती आनंदाने लावीन. पण ८२-८३ डेसिबलची ती पेटी ठेक्याला फारच सभ्यपणे वागवते. या लेखाचा विषय ती नाही.

आता खोली. हा भाग रूक्ष आहे, पण चपळाई निम्मी इथे ठरते. आपल्या फ्लॅटमधली एक साधी खोली घ्या, १० बाय १२ फुटांची. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये १० फूट असतील तर त्यांच्यात सुमारे ५६ हर्ट्झची लाट उभी राहते. १२ फुटांत ४७ची. स्लॅबही दहा फुटांवर असेल तर ५६ हर्ट्झ दोन दिशांनी उठतो. या लेखाच्या सुरुवातीच्या हिशेबात मी तोच सूर घेतला होता तो मुद्दाम. अमेरिकेतली बरीच घरं लाकडी चौकटीवर पातळ पाट्या ठोकून बांधलेली असतात. खालचे सूर त्या भिंतींतून थोडे निसटून जातात. विटा आणि काँक्रीटच्या आपल्या भिंती ते परत आत फेकतात. म्हणून तिकडच्या मोजमापात बरोबर वाटणारा, पोर्ट असलेला, ४० हर्ट्झपर्यंत खाली जाणारा स्पीकर आपल्याकडे दहा फुटांच्या खोलीत आला की घुमू लागतो. दोष द्यायचाच तर या जोडीला द्यावा. बंद पेटीचे खालचे सूर हळूहळू उतरतात, पोर्टच्या पेटीचे कड्यावरून पडल्यासारखे. आणि छोटी खोली खालच्या सुरांना जो आधार देते तो त्या हळू उतरणीशी छान जुळतो. घरात आधीच पोर्टचा स्पीकर असेल तर पोर्टात स्पंजचा बोळा घालून ऐकावं. कित्येक कंपन्या तो स्पीकरबरोबरच देतात. खालचे सूर थोडे कमी होतील, पण अक्षरं सुटी होतात.

दुकानात निवडताना मी आणखी एक गोष्ट करतो: आवाज इतका कमी करायला सांगतो, की शेजारी बोलणाऱ्याला स्वर चढवावा लागू नये. मोठ्या आवाजात बहुतेक स्पीकर जिवंत वाटतात. हळू लावल्यावरही ठेका पायापर्यंत पोचत असेल, सतारीवरचा झाला मागे न पडता धावत असेल, तर त्या स्पीकरमध्ये दम आहे. उंच संवेदनशीलतेचे, ९० डेसिबलच्या वरचे स्पीकर इथे बहुधा पुढे निघतात, आणि फ्लॅटमध्ये राहणारा माणूस रात्री जेवणानंतर ऐकतो तेव्हा आवाज एवढाच असतो. वायरींच्या वादात मी पडत नाही. पुरेशी जाड तांब्याची वायर घ्यावी आणि उरलेले पैसे रेकॉर्डांवर घालवावेत.

कुणी मला अशा १० बाय १२च्या खोलीसाठी एकच नाव विचारलं, तर मी क्लिप्शचाच हेरेसी सांगतो. तो १९५७ सालापासून आहे. बारा इंची वूफर, मधल्या आणि वरच्या सुरांना हॉर्न, आणि पिढीनुसार ९६ ते ९९ डेसिबल. अलीकडच्या चौथ्या पिढीत मागे पोर्ट आला आहे. त्याआधीच्या तिन्ही पिढ्यांची पेटी बंद आहे, म्हणून जुनी जोडी मिळाली तर मी ती घेईन. तिचे खालचे सूर पन्नास हर्ट्झच्या आसपास संपू लागतात, नेमके तिथे जिथे या खोलीचा त्रास सुरू होतो. पखवाज, ढोलकी, डग्गा यांना तेवढं पुरतं. चर्चमधला ऑर्गन ऐकणाऱ्याला पुरणार नाही. क्वॉडचा तानपुरा तिच्यातून मिळणार नाही, आणि ही उणीव मान्य करूनच ती घ्यावी. दहा-पंधरा वॉटचा चांगला अॅम्प तिला भरपूर होतो. तिरप्या पाटावर जमिनीलगतच ती बसवायची असते, उंच स्टुलावर ठेवू नये. बारा फुटांच्या दिशेने वाजवावी, आणि मागच्या भिंतीला टेकून न बसता खुर्ची दोन फूट पुढे ओढावी, नाहीतर ४७ हर्ट्झची लाट बरोबर डोक्यामागे उभी राहते.